भट्टीतून निघालेली मदत

घरी भाजलेली बिस्किटे विकून चांगल्या कामासाठी पैसे उभे करायची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. पण या बिस्किटांतून खरोखर किती पैसे उभे राहतात? आणि ते नेमके कोण देते?

शाळेचा आनंदमेळा भरलेला असतो. भेळ, सरबत आणि रिंग फेकण्याच्या खेळाभोवती झुंबड असते. त्या गर्दीतच एका टेबलावर स्वच्छ कागद अंथरून नानकटाईच्या पुड्या मांडलेल्या असतात. मागे दोन मुली उभ्या असतात आणि समोरच्या पुठ्ठ्यावर रंगीत खडूने लिहिलेले असते, 'सर्व रक्कम मदतनिधीला.' येणारा-जाणारा थबकतो, एखादी पुडी घेतो आणि सुटे पैसे नसले तर 'राहू दे' म्हणून पुढे जातो. संध्याकाळी डबा उघडून नाणी आणि नोटा मोजल्या जातात. आणि घरी परतताना कुणी तरी हमखास विचारते, "दोन दिवस सगळे घर पिठाने माखले, गॅस जळला, आईची पाठ दुखली. त्यापेक्षा सरळ तेवढे पैसेच देऊन टाकले असते तर?"

प्रश्न रोखठोक आहे आणि चुकीचाही नाही. मदतीसाठी बिस्किटे भाजणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी स्वतःला विचारायला हवा. त्याचे उत्तर शोधायचे तर ही पद्धत जिथे रुजली आणि फोफावली, त्या अमेरिकेतल्या काही स्वयंपाकघरांत डोकवावे लागेल.

मस्कोगीच्या मुली

अमेरिकेत मुलींची 'गर्ल स्काउट्स' ही संघटना १९१२ मध्ये ज्युलिएट गॉर्डन लो या बाईंनी जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना गावी सुरू केली. आपल्याकडच्या शाळांतून 'गाइड' म्हणून निळ्या पोषाखातल्या मुली दिसतात, त्याच चळवळीची ही अमेरिकी शाखा. मुलींनी तंबू ठोकावा, प्रथमोपचार शिकावेत, नकाशा वाचावा, चार लोकांच्या उपयोगी पडावे, ही त्यामागची कल्पना. कल्पना उत्तम होती, पण तुकडी चालवायची तर पैसे लागणार आणि शाळकरी मुलींच्या हाती पैसे कुठले?

१९१७ च्या डिसेंबरमध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या मस्कोगी गावच्या 'मिसलटो' तुकडीने यावर एक साधा उपाय काढला. मुलींनी बिस्किटे भाजली आणि सेवाकार्याचा भाग म्हणून शाळेच्याच उपाहारगृहात ती विकली. गर्ल स्काउट्सच्या बिस्किट-विक्रीची सर्वांत जुनी नोंद सापडते ती ही. गावातल्या एका शाळेत केलेल्या या विक्रीचे पुढे देशव्यापी वार्षिक पर्व होईल, असे त्या मुलींच्या स्वप्नातही आले नसेल.

मुलींनी बिस्किटेच का निवडली असावीत, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागणार नाही. केक प्रवासात मोडतो, त्यावरचे क्रीम उन्हात वितळते. तळलेले पदार्थ गरम असतानाच खपावे लागतात. बिस्किटात मात्र भाजल्यावर पाण्याचा अंश फार थोडा राहतो, म्हणून ते लवकर बुरसत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात ते आठ-दहा दिवस सहज टिकते. वाढायला ताटली नको की चमचा नको, मोजून डझनाने विकता येते आणि दहा-बारा वर्षांच्या मुलीलाही लाटून साच्याने कापता येते. विकणाऱ्याला सोपे, घेणाऱ्यालाही सोपे!

डझनाचा हिशेब

१९२२ च्या जुलैमध्ये संघटनेच्या 'द अमेरिकन गर्ल' या मासिकात शिकागोच्या फ्लॉरेन्स नील या कार्यकर्तीने बिस्किटांची एक कृती दिली. कृती अगदी घरगुती होती. अमेरिकी मापाचा एक कप लोणी आणि एक कप साखर एकत्र फेसायची, त्यात दोन फेटलेली अंडी, दोन चमचे दूध आणि थोडा व्हॅनिलाचा अर्क घालायचा. मग दोन कप मैदा, मीठ आणि बेकिंग पावडर मिसळायची. गोळा तासभर थंड जागी ठेवून लाटायचा, तीन पानांच्या साच्याने कापायचा, वर साखर भुरभुरायची आणि कडा तांबूस होईपर्यंत आठ-दहा मिनिटे भाजायचे.

पण त्या पानावरची खरी मौल्यवान गोष्ट होती हिशेब. सहा-सात डझन बिस्किटांच्या साहित्याला त्या काळी २६ ते ३६ सेंट खर्च येईल आणि ती डझनाला २५ ते ३० सेंट भावाने विकता येतील, असे बाईंनी स्वच्छ मांडले होते.

हे गणित घरबसल्या करून पाहण्यासारखे आहे. सर्वांत कमी मिळकत धरली, म्हणजे फक्त सहा डझन बिस्किटे झाली, भाव २५ सेंटच मिळाला आणि साहित्य मात्र महागातले पडले, तरी दीड डॉलरच्या विक्रीतून ३६ सेंट वजा जाता १ डॉलर १४ सेंट उरतात. म्हणजे विक्रीच्या तीन चतुर्थांशाहून अधिक रक्कम हाती!

एखाद्या बेकरीवाल्याला असा नफा का सुटत नाही? कारण त्याला कारागिरांची मजुरी, जागेचे भाडे, भट्टीचा सरपण-खर्च आणि विक्रेत्याचे कमिशन द्यावे लागते. मुलींच्या हिशेबात हे खर्च लिहिलेलेच नाहीत. मात्र ते झालेच नाहीत असे नव्हे. कुणाची तरी आई संध्याकाळभर भट्टीपाशी उभी राहिली, कुणाच्या तरी घरचे इंधन जळले, मुलींची सुट्टी बिस्किटे कापण्यात गेली. हा न लिहिलेला खर्च हेच त्यांचे दान होते. बिस्किट घेणाऱ्याने फक्त त्या दानाचे नाण्यांत रूपांतर केले.

भट्टी गेली, विक्री राहिली

पुढे मंदी आली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलाडेल्फिया शहरात मुलींनी गॅस आणि विजेच्या कंपनीच्या दुकानात, रस्त्यावरून दिसेल अशा काचेआड, बिस्किटे भाजून विकली. ४४ बिस्किटांचा खोका २३ सेंटला आणि सहा खोकी एकदम घेतली तर १ डॉलर २४ सेंट, असा भाव होता. लोकांची रीघ लागली. मागणी इतकी वाढली, की घरच्या भट्ट्या पुऱ्या पडेनात. १९३४ मध्ये याच शहराच्या शाखेने बेकरीतून तयार करून घेतलेली बिस्किटे विकायला सुरुवात केली. १९३६ पासून तर राष्ट्रीय संघटनेनेच बेकऱ्यांना परवाने द्यायला सुरुवात केली.

दुसऱ्या महायुद्धात साखर, मैदा आणि लोण्याची टंचाई झाली, तेव्हा काही काळ बिस्किटांचे गणितच कोलमडले. १९४४ मध्ये मुलींनी बिस्किटांऐवजी दिनदर्शिका विकून पैसे उभे केले. युद्ध संपले, साखर आली आणि बिस्किटे परतली. आज परवाना असलेल्या दोन बेकऱ्या ही बिस्किटे बनवतात आणि दरवर्षी सुमारे वीस कोटी खोकी खपतात.

रक्कम अवाढव्य झाली, पण हिशेब बदलला. आता खोक्याच्या किमतीतून आधी बेकरीचे पैसे जातात, मग शाखेचा वाटा आणि मग तुकडीचा. मुलगी पीठ मळत नाही. ती दारोदार जाऊन मागणी नोंदवते, पैसे मोजते, शब्द पाळते. संघटना म्हणते, मुलीला व्यवहार शिकवणारी ही शाळा आहे. टीकाकार विचारतात, ही मदत की धंदा? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. एवढे मात्र खरे, की १९२२ च्या त्या पानावर सेंटासेंटाचा खर्च मांडलेला होता आणि आज खोका घेणाऱ्याला त्यातला कुणाचा वाटा किती, हे मुद्दाम विचारावे लागते.

सैनिकांची बिस्किटे

असाच एक प्रकार ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये घडला. पहिल्या महायुद्धात या दोन देशांच्या संयुक्त सेनेला 'अँझॅक' म्हणत. १९१५ मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर या सेनेची फार मोठी हानी झाली. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी 'अँझॅक बिस्किटे' आजही तिथल्या घराघरांत होतात. ओटचे पोहे, मैदा, साखर, लोणी आणि आपल्या काकवीसारखा दिसणारा 'गोल्डन सिरप' नावाचा पाक हे मुख्य साहित्य. अंडे मुळीच नाही. पाकानेच बिस्किट बांधले जाते आणि त्यामुळे ते पुष्कळ दिवस टिकते.

आया-बायकांनी ही बिस्किटे भाजून खंदकांतल्या मुलांना पाठवली, अशी हळवी कथा सर्वत्र सांगितली जाते. काही डबे गेलेही असतील. पण सैनिकांच्या शिध्यात मिळायचे ते बिस्किट निराळे होते. ते दगडासारखे कडक असे आणि खाण्याआधी ते कुटून लापशी करण्याची वेळ यायची. ओटची गोड बिस्किटे बव्हंशी मायदेशीच, जत्रांमधून आणि मेळाव्यांमधून विकली गेली आणि आलेले पैसे युद्धनिधीला मिळाले. म्हणजे सैनिकांपर्यंत पोहोचली ती मुख्यतः बिस्किटांची किंमत!

त्या नावाची जपणूकही पाहण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियात १९२१ पासून 'अँझॅक' हा शब्द व्यापारासाठी वापरायला सरकारी परवानगी लागते. बिस्किटांना ती सवलत आहे, पण कृती परंपरेला धरून हवी आणि त्यांना 'बिस्किट'च म्हणायचे, 'कुकी' म्हणायचे नाही! ज्या नावावर लोकांनी विश्वासाने पैसे दिले, त्या नावाचा कुणी गैरफायदा घेऊ नये, हा त्यामागचा भाव.

नाव-गाव नसलेला क्लब

आतापर्यंतच्या गोष्टींत भट्टीपाशी उभे राहणाऱ्यांना भीती कुणाची नव्हती. पण अमेरिकेच्याच अलाबामा राज्यात काही बायकांनी केक भाजले, ते आपली नोकरी पणाला लावून.

मॉन्टगोमेरी हे त्या राज्याच्या राजधानीचे शहर. तिथल्या बसमध्ये काळ्या लोकांनी मागे बसायचे, गोऱ्यांसाठी जागा सोडायची, असा नियम होता. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी जागा सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. ५ डिसेंबरपासून शहरातल्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला. नेतृत्व करायला पुढे आले मार्टिन ल्यूथर किंग हे तरुण धर्मोपदेशक. गांधीजींच्या सत्याग्रहाचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. पुढे १९५९ मध्ये ते मुद्दाम भारतभेटीला आले.

बहिष्कार पुकारणे सोपे होते, रोज पाळणे अवघड. हजारो माणसांना कामावर जायचे होते. कित्येक जण मैलोन्‌मैल चालत. बाकीच्यांसाठी खासगी मोटारींची आणि चर्चच्या नावाने घेतलेल्या गाड्यांची फेरी-व्यवस्था उभी राहिली. तिला पेट्रोल हवे, टायर हवेत, दुरुस्ती हवी. विमा कंपन्यांनी गाड्यांचे विमे रद्द केले, तेव्हा थेट लंडनहून विमा उतरवावा लागला. हे पैसे येणार कुठून?

जॉर्जिया गिलमोर ही सहा मुलांची आई, एका उपाहारगृहात स्वयंपाकीण. ऑक्टोबर १९५५ मध्येच तिला बसचा कडू अनुभव आला होता. तिने पुढच्या दाराने चढून पैसे दिले. चालकाने तिला खाली उतरून मागच्या दाराने यायला फर्मावले आणि ती मागे पोहोचण्याआधी बस सोडून दिली. त्या दिवसापासून तिने बसचे नाव टाकले होते. बहिष्कार सुरू झाल्यावर तिने मैत्रिणींकडून १४ डॉलर जमवले, त्यातून कोंबड्या, पाव आणि पाला आणला, सँडविच केली आणि सभेला आलेल्या लोकांना विकली. मग पाय आणि केक सुरू झाले. ओळखीपाळखीच्या बायका आपापल्या घरी भाजत. माल केशकर्तनालयांत, धुलाई केंद्रांत, टॅक्सीच्या थांब्यांवर विकला जाई. घेणाऱ्यांत काही गोरेही असत.

भाजणाऱ्या बायका बहुतेक गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या. बहिष्काराला पैसे पुरवतो हे कळले, तर दुसऱ्या दिवशी काम जाणार. म्हणून गिलमोरबाईंनी गटाला नाव दिले 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे 'नाव-गाव नसलेला क्लब'. पैसे कुठून आले, असे कुणी विचारलेच तर उत्तर तयार, कुठूनच नाही! कोण केक भाजते, कोण पैसे देते, हे फक्त गिलमोरबाईंना ठाऊक. पण आकडा मात्र त्या लपवत नसत. सोमवारच्या सभेत त्या पुढे येत, आठवड्याची रक्कम सर्वांसमोर जाहीर करत आणि सभागृह टाळ्यांनी दणाणून जाई. त्यांची चढाओढ पाहून शहराच्या दुसऱ्या भागात इनेझ रिक्स या बाईंनी 'फ्रेंडली क्लब' काढला. या आठवड्यात कुणी जास्त जमवले, अशी शर्यतच लागू लागली.

मार्च १९५६ मध्ये किंग यांच्यावरच्या खटल्यात गिलमोरबाईंनी न्यायालयात उभे राहून बसमधला अपमान सांगितला. त्यांची नोकरी गेली. तेव्हा किंग यांनीच त्यांना घरी खानावळ सुरू करण्याचे सुचवले आणि मदतही केली. पुढे त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती चळवळीचे कार्यकर्ते, वकील, पुढारी, काळे-गोरे सगळे बसू लागले. ३८१ दिवस बहिष्कार टिकला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर १९५६ मध्ये बसमधला भेदभाव संपला.

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर केकचे पैसे म्हणजे एकूण खर्चातला लहानसाच वाटा होता. देशभरातून, परदेशांतूनही देणग्या येत होत्या. पण बाहेरच्या देणगीने मिळत नाही, असे काही तरी त्या केकने दिले. जिला सभेत येण्याचीही भीती वाटत होती, ती मोलकरीणही रात्री आपल्या चुलीपाशी उभी राहून लढ्यात सामील झाली.

गिलमोरबाई १९९० च्या मार्चमध्ये वारल्या. सेल्मा ते मॉन्टगोमेरी या ऐतिहासिक पदयात्रेचे ते पंचविसावे वर्ष होते. स्मृतिदिनासाठी येणाऱ्यांकरिता त्या नेहमीप्रमाणे रांधत होत्या. त्यांच्या हातचे तेच अन्न त्यांच्या घरी सांत्वनाला आलेल्या लोकांना वाढले गेले.

पत्र्याचा डबा घेऊन

आपल्याकडे घरोघरी भट्टी कधीच नव्हती. तरी बिस्किटे होत असत. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदा, तूप आणि पिठीसाखर पिशवीत भरून, पत्र्याचा डबा काखोटीला मारून मंडळी गल्लीतल्या बेकरीत जात. नंबर लावून बसायचे, आपल्या तुपाची नानकटाई आपल्या डोळ्यांदेखत थापून घ्यायची आणि गरम डबा फडक्यात गुंडाळून घरी आणायचा, हा अनेक घरांतल्या मुलांचा आवडता कार्यक्रम असे. मजुरी किलोच्या हिशेबाने. कुठे वाळूच्या थरावर पातेले ठेवून, कुठे विजेच्या गोल ओव्हनमध्ये गृहिणींनी हे काम घरातही साधले.

मदतीसाठी विकायला नानकटाई फार सोयीची. अंडे नसल्याने बहुतेकांना चालते आणि मोजमाप सोपे असते. दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे रवा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी घट्ट तूप, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि वेलचीची पूड. तूप-साखर हलके होईपर्यंत फेसायचे, कोरडे जिन्नस चाळून मिसळायचे, लिंबाहून लहान गोळे करायचे. मध्यम आचेवर, साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअसला, पंधरा-वीस मिनिटांत होतात. वाटीच्या आकाराप्रमाणे दोन ते अडीच डझन निघतात.

टेबल मांडण्यापूर्वी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. समजा, चार घरांनी मिळून दहा डझन नानकटाई केली. साहित्य, गॅस आणि पुड्या मिळून ८०० रुपये लागले. डझनाचा भाव १५० रुपये ठेवला आणि सगळी खपली, तर १,५०० रुपये आले.

चार घरांनी साहित्य आपल्यातर्फे दिले, तर निधीला पूर्ण १,५०० रुपये मिळतात. नुसते ८०० रुपये दिले असते, त्याच्या जवळजवळ दुप्पट. समजा, घरांची तेवढी ऐपत नाही आणि साहित्याचे पैसे विक्रीतून परत घेतले, तरी ७०० रुपये उरतात. दोन्ही हिशेबांत हे ७०० रुपये हातांनी मिळवलेले आहेत. खिसा रिकामा असला तरी ते देता येतात.

पण चार डझन उरली तर? विक्री फक्त ९०० रुपये आणि हातांची कमाई १००. म्हणून उरलेला माल हा या कामाचा खरा शत्रू. त्यावर उपाय तोच, जो गर्ल स्काउट्सच्या मुलींना सापडला. आधी मागणी नोंदवा, मग भाजा. दहा डझनांची मागणी असेल तर अकरा डझन भाजा, वीस नको.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

गरम नानकटाई पुडीत भरू नये. आत वाफ धरते, बिस्किट मऊ पडते आणि लवकर खराब होते. पूर्ण निवल्यावरच भरावी.

पहिली थाळी चार नगांचीच लावावी. आच कळते आणि फुकट गेले तर चारच जातात.

पुडीवर केल्याची तारीख आणि सगळे जिन्नस लिहावेत. अंडे आहे की नाही, शेंगदाणे, काजू, दूध, गहू आहे का, हे ठळक हवे. शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी काही मुलांच्या जिवावर बेतते.

बाहेरच्या लोकांना खाद्यपदार्थ विकताना, मग ते एक दिवसाचे टेबल का असेना, अन्नसुरक्षा कायद्यातली नोंदणी लागते का, हे शाळेमार्फत किंवा अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

पैशांचा डबा दोघांनी मिळून उघडावा, दोघांनी मोजावा आणि त्याच संध्याकाळी आकडा फळ्यावर लिहावा. विक्री किती, खर्च किती, निधीला किती. आठ दिवसांत पावती त्याच फळ्याशेजारी लावावी. गिलमोरबाईंनी नावे पोटात ठेवली आणि आकडा सभेत सांगितला. अनेकदा उलटे होते. देणाऱ्यांच्या नावांचा फलक लागतो आणि हिशेब कुणालाच दिसत नाही.

शेवटची गोष्ट घरातलीच. दोन दिवस पाठ दुखेपर्यंत उभी राहते ती बहुधा घरातली एकच व्यक्ती आणि टेबलामागे उभे राहून शाबासकी मिळवतात दुसरेच. मैदा चाळणे, गोळे करणे, भांडी घासणे, पुड्या बांधणे यांत मुलांनी आणि बाबांनीही हात घातला, तर दान खऱ्या अर्थाने घराचे होईल. एकट्या आईच्या पाठीवर उभे राहिलेले दान घराच्या नावावर लिहिणे बरे नव्हे.

'त्यापेक्षा पैसेच दिले असते तर?' असे कुणी विचारले तर त्याला सांगावे, ज्याच्यापाशी पैसे आहेत त्याने जरूर द्यावेत, त्यात कमीपणा नाही. पण आठवीतल्या मुलीपाशी पैसे नसतात. महिनाअखेर आलेल्या घरात नसतात. मॉन्टगोमेरीच्या त्या मोलकरणींपाशीही नव्हते. त्यांच्यापाशी पीठ मळणारे हात होते आणि एक संध्याकाळ होती. टेबलावरच्या त्या पुडीत दिलेले असते ते हेच. म्हणून पुढच्या आनंदमेळ्यात अशा टेबलापाशी थबकलात, तर पुडी घ्या, पैसे मोजून द्या आणि जाता जाता त्या मुलींना विचारा, "किती जमले गं?" त्या आकडा सांगतील, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे जरूर पाहा.